दोनदा गेलेला भिवाजी

तिरडी बांधून झाली होती, मडक्यात विस्तव फुलला होता, उन्हं माथेरानच्या डोंगरामागे उतरू लागली होती, आणि भागूबाई काही केल्या हात पुढे करीना.

"भागू, आण गं हात." नणंद सुंदरा दगड घेऊन तिच्यापुढे बसली होती. बायकोच्या बांगड्या फोडल्याशिवाय नवऱ्याचं प्रेत उचलायचं नाही, ही पोशीर गावची रीत. "दिवस मावळला तर माझ्या भावाला सकाळपातुर ठेवावं लागंल."

"ठेवा की," भागूबाई म्हणाली. "गेल्या खेपेला बी तुमीच सांगितलंत, वन्सं, गेला म्हणून."

अंगणातल्या माना सुंदराकडे वळल्या. जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी भिवाजी पलटणीबरोबर समुद्रापार हबसाणच्या लढाईला गेला, आणि चार महिन्यांनी तो मेल्याचा कागद आला. गावाने दर्भाचा भिवाजी करून जाळला. सुंदराने भागूच्या बांगड्या फोडल्या. पुढच्या वर्षी भिवाजी नेरळच्या स्टेशनावर उतरून चालत गावात आला, तेव्हा बायका भूत भूत म्हणत पळाल्या. पलटणीत भिवाजी दोन होते. मेला तो दुसरा. पण क्रिया झालेल्या माणसाला घरात घ्यायचं कसं? भटजींनी पोथी चाळून तोड काढली, की याला नव्याने जन्माला घाला. मग त्या मिशाळ शिपायाला पाळण्यात बसवून बारसं केलं. पाळण्याची दोरी तुटली, गाव हसून हसून लोळलं, आणि तिसऱ्या दिवशी त्याचं भागूशीच पुन्हा लग्न लागलं.

भागू तेवढी हसली नाही. क्रियेच्या तिथीला तो कुठे होता, हे तिने त्याला विचारून घेतलं होतं. ज्या दिवशी तिने बांगड्या फोडून घेतल्या, त्या दिवशी हा एडनच्या इस्पितळात पेज पीत बसला होता. लोकांनी सांगितलं आणि आपण मुकाट मानलं, हे तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. तो म्हणायचा, "अगं, तू तरी काय करणार व्हतीस?" पण तिचं समाधान व्हायचं नाही.

पलटण सोडल्यावर भिवाजीने संसार केला तो असा, की गावाने नावं ठेवावीत. जात्यावर बायकोसमोर बसून दळायचा. लोक बायकोचा बैल म्हणायचे, याच्या मिशीचा केस हलायचा नाही. लेक येसाजी तापाने फणफणला, तेव्हा त्याला पाठीला बांधून भर आषाढात उल्हास नदी पोहून वैद्याकडे गेला. दरसाल कर्जतच्या बाजारातून कासाराला घरी घेऊन यायचा, आणि भागूच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरेपर्यंत समोरून उठायचा नाही.

"आये, आता पुरं!" येसाजी ओरडला. "सकाळीच वैद्यानं नाडी बघितली."

"तवा कागद व्हता, आता वैद्य. मी नाय बघितलं. सोड त्या दोऱ्या."

म्हातारे ताडकन उठले. बांधलेली तिरडी सोडली तर गावात दुसरा माणूस जातो, असं ते मानत. "येसा, हात लावू नको रं!" कोणीतरी दम भरला. येसाजीने त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग खाली बसला आणि गाठी सोडू लागला.

भागूबाईने नवऱ्याच्या नाकाशी हात धरला. मग वाकून छातीला कान लावला. तिला आशा होती. वेडी म्हणा, पण होती. एकदा परतलेला माणूस दुसऱ्यांदा का परतू नये? ती बराच वेळ तशीच राहिली. चिडलेलं गावही पुढे सरकून बघू लागलं. सुंदरा तर दगड खाली ठेवून भावाच्या तोंडाकडे बघत बसली.

शेवटी भागूबाईने मान वर केली आणि त्याच्या पांढऱ्या मिशीवरून बोट फिरवलं.

"या खेपेला कुनाच्या सांगन्यावर नाय मानलं मी," ती त्याला म्हणाली, आणि दोन्ही हात सुंदरापुढे धरले.