दुसरी रेघ

"अगं, साठी उलटलेल्या माणसाला कुणी सुट्या भागांची गाडी भेट देतं का? घड्याळ द्यायचं, शाल द्यायची. फार तर काशीयात्रा!"

सुलेखाआत्याचा आवाज पुण्याहून थेट जपानमधल्या नागोयात, बाबांच्या गॅरेजमध्ये घुमत होता. यामिनीने फोन स्पीकरवर टाकून एका खोक्यावर ठेवला होता आणि ती हातमोजे शोधत होती.

"हो आत्या."

"हो काय हो! शशीला लहानपणापासूनच खोड. रेडिओ उघडायचा आणि जोडताना सहा स्क्रू उरवायचे. तुला काय माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

गेले पन्नास दिवस यामिनी त्या 'मग'चं उत्तर शोधत होती. चार वाजता भंगारवाल्याचा ट्रक येणार आहे, असं सांगून तिने फोन ठेवला.

तिचे बाबा, शशिकांत दाबके, तीस वर्षं इथल्या एका कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी जोडलेला भाग तपासायचा, खूण करायची आणि पुढे सोडायचा, यात उमेदीचा काळ गेला. एक आख्खी गाडी आपल्या हातांनी जोडायची ही त्यांची जुनी हौस. आई गेल्यावर तर त्यांच्या बोलण्यात दुसरा विषयच उरला नाही. म्हणून ते निवृत्त झाले तेव्हा यामिनी आणि तिचा नवरा सौमित्र यांनी इंग्लंडहून ही गाडी मागवून दिली. दोघांपुरती, बिनछपराची. अकरा खोकी आणि एक लोखंडी सांगाडा. बाबांना हृदयाचा त्रास होता, म्हणून तिने एकच अट घातली होती: जड काही उचलायचं नाही. "दिला शब्द," बाबा म्हणाले होते.

आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते याच गॅरेजमध्ये कोसळले. शेजाऱ्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. यामिनी टोकियोजवळच्या उरायासुतल्या आपल्या घरून शिनकानसेनने, त्या वेगवान रेल्वेने, पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पाच वर्षांपूर्वी भूकंपानंतर उरायासुच्या रस्त्यांतून चिखल वर आला होता, नळ कोरडे पडले होते. तेव्हा हाच माणूस गाडीत पाण्याचे कॅन भरून, बंद रस्त्यांना वळसे घालत चौदा तासांनी तिच्या दारात उभा राहिला होता. "लिफ्ट बंद आहे का गं? बरं," एवढंच म्हणून त्यांनी दोन-दोन कॅन सात मजले चढवले होते. आणि त्यांच्या वेळेला जवळ कोण होतं? कुणी नाही.

दिवसपाणी झालं, कागदपत्रं झाली, पण गॅरेजचं शटर आज पहिल्यांदाच तिने वर केलं होतं. दारातूनच तिला तो सांगाडा दिसला.

तो जमिनीवर नव्हता. चार लोखंडी घोड्यांवर, कमरेच्या उंचीला, व्यवस्थित चढवलेला होता. तिने एक टोक धरून पाहिलं. जरासुद्धा हललं नाही.

एकट्याने उचलला. शब्द देऊन उचलला. तिला जे विचारायचं धाडस पन्नास दिवसांत झालं नव्हतं, त्याचं उत्तर समोर उभं होतं. आत्या बोलून दाखवत होती एवढंच. गाडीनेच घेतलं त्यांना, आणि गाडी दिली कुणी?

ती तिथल्या घडीच्या खुर्चीत बसली. समोर पुढचं डावं चाक जोडायचे दांडे होते. काम तेवढंच झालेलं, चार बोल्टांचं. पहिल्या बोल्टवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती, नटवरून खालच्या लोखंडापर्यंत ओढलेली. ती रेघ तिच्या ओळखीची होती. बोल्ट कसला की रेघ. पुढे तो ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. घरातल्या कुकरच्या दांड्याच्या स्क्रूलासुद्धा बाबांची पांढरी रेघ असायची. आई म्हणायची, "आता भाकरीवर ओढा एक."

पण इथे पांढरीशेजारी एक लाल रेघ होती.

यामिनी वाकली. दुसऱ्या बोल्टवर लाल. तिसऱ्यावर लाल. चौथ्यावर मात्र फक्त पांढरी.

कसणाऱ्याची पांढरी, तपासणाऱ्याची लाल, हा बाबांच्या कारखान्याचा नियम होता. तपासणारा माणूस दुसराच हवा. आपण कसलेल्या बोल्टला आपणच लाल ओढणं म्हणजे चोरी, असं बाबा म्हणायचे, आणि तीस वर्षांत त्यांनी ती चोरी केली नव्हती. मग आपल्या गॅरेजात करतील? शक्य नाही.

म्हणजे इथे दुसरं कुणीतरी होतं.

ती बाहेर आली. शेजारचे हिराता-सान कुंपणापाशी उभे होते. वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेच्या डब्यांच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. हातात झारी होती, पण ती रिकामी असावी, कारण ते काहीच करत नव्हते. तिला पाहून ते खूप खाली वाकले.

"सुमिमासेन, हिराता-सान," ती माफी मागून जपानीत म्हणाली, "लाल रेघ कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "परवा एकोणपन्नास दिवस झाले. त्याआधी बोलणं बरं दिसलं नसतं. तुम्हीही काही विचारलं नाहीत. ऐकायचं नसेल असं वाटलं."

एकोणपन्नास दिवस आत्म्याची वाट सरत नाही, तोवर घरच्यांना प्रश्नांनी त्रास देऊ नये, अशी त्यांची रीत. आणि परक्याला कसं विचारावं, ही तिची भीड. दोघेही एका भिंतीच्या दोन बाजूंना तोंड मिटून बसले होते.

"सांगाडा बाबांनी कसा उचलला?" तिने विचारलं.

"दाबुके-साननी?" 'दाबके' त्यांच्या तोंडी कधी बसलं नाही. "नाही, नाही. चोनाइकाईची सहा माणसं आणली होती मी. आपल्या गल्लीचं मंडळ. आम्ही उचलला. दाबुके-सान तिथे उभे राहून ओरडत होते. डावीकडे, उजवीकडे, हळू! खोकंसुद्धा माझ्या बायकोला उचलायला लावायचे. म्हणायचे, मुलीला शब्द दिलाय."

यामिनीने कुंपण धरलं.

"आणि त्या दिवशी?"

"चौथा बोल्ट कसला. रेघ ओढली. मग खुर्चीत बसले, म्हणाले छातीत जड वाटतंय. बायकोने फोन केला. मी हात धरून बसलो. बारा मिनिटं. शुद्धीत होते." हिराता-साननी झारी खाली ठेवली. "मला म्हणाले, चौथा तपासा. मी म्हटलं, नंतर. तर रागावले माझ्यावर. नंतर म्हणणारा तपासनीस काय कामाचा, म्हणाले. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालेपर्यंत रागावलेलेच होते."

यामिनीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही बरंच काही आलं. हिराता-सान सभ्यपणे आपल्या झाडांकडे बघत राहिले.

ती सावरल्यावर दोघे गॅरेजमध्ये आले. हिराता-साननी खणातून टॉर्क रेंच काढला. ठरलेला जोर पोहोचला की टक् करणारा लांब दांड्याचा पाना. गुडघ्यावर टॉवेल घालून ते खाली बसले, चौथ्या बोल्टला रेंच लावला आणि ओढला.

टक्. नट केसभरही हलला नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी लाल रेघ ओढली.

यामिनीने भंगारवाल्याला फोन करून ट्रक नको म्हणून सांगितलं. तो तिच्यापेक्षा जास्त वेळा माफी मागत राहिला. मग तिने पुण्याला फोन लावला.

"आत्या, सांगाडा सहा माणसांनी उचलला. बाबांनी हातही लावला नाही. नुसते ओरडत होते."

"ओरडत असणारच," आत्या म्हणाली. मग नाक ओढून, "कुणी होतं ना गं जवळ त्याच्या?"

"होतं आत्या. हात धरून होते."

"बाई गं. जीव भांड्यात पडला. आता त्या लोखंडाचं काय करणार आहेस?"

यामिनीने उजव्या बाजूकडे पाहिलं. तिथे अजून नुसतीच भोकं होती.

"बघते," ती म्हणाली.

उजवीकडचा दांडा हिराता-साननी धरला आणि तिने बोल्ट आत सरकवला. "तुम्हीच कसा ना," ती म्हणाली, तर त्यांनी मान हलवली. "मी तपासणार. तसं ठरलंय." तेव्हा तिने साधा पाना घेतला, दात-ओठ खाऊन बोल्ट कसला आणि पांढऱ्या पेनने रेघ ओढली. जरा वाकडीच आली.

हिराता-साननी रेंच लावला. टक् व्हायच्या आधी नट थोडा फिरला. ते हसले नाहीत.

"ढिला."

"थोडासाच ना?"

"ढिला."

त्यांनी फडक्याला रॉकेल लावून तिची रेघ पार पुसली, नट पुन्हा सैल केला आणि पाना तिच्या हातात दिला. मग खुर्चीत जाऊन बसले, लाल पेन हातात धरून, टोपण न काढता.