कोरड्यावरची बोट

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांवर तो जरा जास्तच निघतो, कारण ते शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी आपल्या मनातलंच करतात.

अण्णा म्हणजे माझे वडील, अनंतराव. लातूरच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं लेथ मशीनचं काम शिकवलं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. अण्णांनी गोळ्या घेतल्या, नाव काही घेतलं नाही. रिमोटवर चालणारी हातभर लांब बोट मात्र करायला घेतली.

"वैष्णवी, ही चालली तर माझे हात अजून हायेत असं समजायचं," ते म्हणाले. "न्हाई चालली, तर हत्यारांची पेटी देऊन टाकू कुणाला तरी."

ती पेटी घरातून गेली तर मागं अण्णा किती उरतील, याची मला भीती वाटायची.

बोटीतलं सगळ्यात नाजूक काम मोटरपासून पंख्यापर्यंतचं. मोटरला पिळाच्या तारेचा लवचिक शाफ्ट जोडायचा, तो पितळी नळीतून तिरपा खाली न्यायचा आणि नळीबाहेर त्याच्या टोकाला पंखा बसवायचा. मोटर आणि नळी एका रेषेत नसतील तर सगळी बोट थरथरते. अण्णा रोज दुपारी अंगणात बसून मोटरखाली कागदाच्या पट्ट्या सरकवायचे. एक पट्टी घालायची, शाफ्ट बोटांनी फिरवायचा, कान लावायचा, पट्टी पुन्हा काढायची. हात हलतो म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवायचे. दारातून बघताना वाटायचं, हा माणूस आपल्या अंगणात नाहीच, कुठल्या तरी मोठ्या शांत पाण्याच्या काठी बसलाय. दिवाळीनंतर एकदा त्यांनी मोटर लावली. पंखा फिरला तो अगदी बिनआवाजी, गालावर नुसती झुळूक आली.

"टब भरून बघू या," मी म्हणाले.

"खेळण्यासाठी टबभर पाणी? रेल्वेनं पाणी आलेलं विसरलीस का गं?"

त्या दुष्काळात घागरीसाठी रांगा लावलेले आम्ही लोक. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आमच्याकडं कुंडीत जातं. महिनाभर बोटीचा पंखा कोरड्यावरच फिरला, आणि छान फिरला.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही गाडी काढून नांदेडला, विष्णुपुरी धरणाच्या काठावर गेलो. वारा अजिबात नव्हता. गोदावरी इतकी निवांत की पलीकडची झाडं आणि वरचा एकुलता ढग खाली पाण्यात पुन्हा मांडून ठेवलेला. अण्णा चपला काढून घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिले आणि ओंजळीत पाणी घेऊन परत सोडत राहिले. एवढं पाणी बघून मलाही उगाच भरून आलं.

मग त्यांनी बोट सोडली. दहा-बारा हात गेली, कर्र असा आवाज झाला आणि थांबली. मी पाण्यात शिरून ती आणली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

अण्णांनी रिमोट दगडावर ठेवला. "मोटरची रेघ चुकली. गेले माझे हात."

मला असा संताप आला! आजाराचा, बोटीचा, त्यांचाही. "गप बसा अण्णा! हात गेले म्हणे!" मी बोटीचं नाक गच्च धरून ती पाण्यातच दाबून ठेवली.

"काय करायलीस?"

"तुम्ही मोटरला जोर द्या हळूच."

त्यांनी दिला. पाणी नितळ होतं. जोर आला तसा पंखा पुढं ओढला गेला आणि नळीच्या तोंडाला जाऊन घासला. मी सांगितलं, तसे अण्णा वाकून बघायला लागले.

"पिळाची तार!" ते ओरडले. "जोर आला की पीळ आवळतो, तार आखडते. पंख्यात नि नळीत फट ठेवायला पाहिजे. कोरड्यावर जोरच न्हाई, तर आखडंल कशी? टबात एकदा जरी बघितलं असतं! वैष्णवी, चूक डोक्याची हाय गं, हाताची न्हाई!"

आणि ते हसत सुटले. अक्कल कमी पडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मीही हसले, डोळे पुसत.

स्क्रू त्यांनीच सैल केला. सहाकोनी ॲलन की आठव्या खेपेला स्क्रूच्या भोकात बसली. मी हात मागं बांधून उभी होते, नाहीतर मी ती हिसकावूनच घेतली असती. शाफ्ट दोन मिलिमीटर बाहेर सरकवून त्यांनी स्क्रू पुन्हा आवळला.

बोट निघाली. आवाज न करता थेट त्या पाण्यातल्या ढगात शिरली. तेव्हा मला तिच्यामागं उठलेली पांढरी रेघ दिसली. ती बारीक बारीक थरथरत होती, डावी-उजवी, डावी-उजवी. रिमोटवरच्या सुकाणूच्या खटक्यावर अण्णांचा अंगठा होता. त्यांचा कंप सगळ्या पाण्यावर उमटत चालला होता.

अण्णांनाही ती दिसली. त्यांचं हसू मावळलं.

"सरळ का जाईना गं ती?" त्यांनी हलकेच विचारलं.

"वारा हाय, अण्णा."

त्यांनी पलीकडच्या झाडांकडं पाहिलं. एक पान हलत नव्हतं. मग माझ्याकडं पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "लई वारा सुटलाय." आणि बोट त्यांनी आणखी लांब नेली.