मठार

फजरची नमाज होऊन कौलांवरची उन्हं अंगणात उतरायच्या आत आमच्या आवारात पत्र्यावर लाकडी मोगरी पडू लागे. दसरा होऊन गेलेला, सड्याच्या कातळमाळावरचं गवत सोनेरी होऊन माना टाकत असलेलं, वाऱ्यात खाडीची खारट ओल, आणि त्या सगळ्या संथपणातून तो आवाज यायचा. दोन हलके ठोके, मग एक थांबा, मग किंचित बाजूला सरकून तिसरा. त्या थांब्यात माझा धाकटा भाऊ युसूफ पत्र्यावरून तळवा फिरवत असे, मान दुसरीकडे वळवून, डोळे अर्धवट मिटून. पत्रा हाताला कळतो, डोळ्यांना फसवतो, असं तो म्हणे. मी ओटीवर चहाचा पेला घेऊन बसलेलो असे आणि त्या आवाजाने वर्तमानपत्रातली एक ओळ दोनदा वाचत असे. तेव्हा त्याचा मला त्रास वाटायचा, हेही सांगून टाकतो.

युसूफ डेंटर. कुवेतच्या एका गॅरेजात पंचवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्यांची तोंडं सरळ केली. दोन वर्षांतून एकदा येई, महिनाभर राही, आणि आमच्या घरात त्याची जागा पाहुण्याची की मालकाची हे ठरायच्या आत पुन्हा विमानात बसे. त्याच्या धंद्याचा न्याय मोठा विलक्षण. आपण इथे गेलो होतो हे कुणाला कळता कामा नये, तरच काम उत्तम. चेपलेला दरवाजा असा सरळ व्हावा की मालकानेही विसरून जावं तो कधी चेपला होता. म्हणजे माणसाने आयुष्यभर राबायचं आणि राबल्याची खूण स्वतःच्याच हाताने पुसून टाकायची. कायमचा परत आला त्या वर्षी एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "भाईजान, पंचवीस वर्षं काम केलं, पण ह्यो माझा म्हणून दाखवायला एक पत्रा नाय माझ्याकडं." मूलबाळ नव्हतं, इमारत बांधली नव्हती. ते वाक्य मला तेव्हा ऐकू आलं होतं, कळलं नव्हतं. मी त्याच्या पानात आणखी एक बांगडा वाढायला सांगितलं.

त्याची नजरही धंद्याने घडवली होती. लग्नाच्या मांडवात शिरण्याआधी तो बाहेर उभ्या गाड्यांपुढून एक फेरी मारी, आणि नातलगांच्या आधी त्यांच्या गाड्यांची विचारपूस होई. गाडी ठोकली असं तो कधी म्हणत नसे. "हिला लागलंय," म्हणे, पोराच्या गुडघ्याविषयी बोलावं तसं. माझ्या जुन्या स्कूटरच्या मडगार्डवर त्याने एकदा असा हात ठेवला की मीच ओशाळलो. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली, वह्यांच्या ढिगांतून लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सरळ केले, आणि माझ्या मते आम्ही दोघं भाऊ एकाच गावचे होतो. त्याने पत्रा सरळ करावा, मी वाक्य. एवढ्या एका समजुतीवर मी त्याला ओळखतो असं मानून चाललो होतो.

गणपतीपुळ्याच्या वाटेवर एका आंबेवाल्याच्या कंपाउंडात ती गाडी त्याला सापडली. फिरतं घरच ते. कोणे काळी कुणी परदेशी जोडपं ते दूरच्या मुलखातून रस्त्याने चालवत घेऊन आलं, आणि जाताना इथेच सोडून गेलं. आत लाकडी बाक, घडीचा पलंग, स्टोव्ह ठेवायची फळी, खिडक्यांना विरलेले फुलाफुलांचे पडदे. पुढे कुणी त्यात कोकम सरबताचा स्टॉल काढला, आणि त्यानेच केव्हातरी पुढचं तोंड कापून ट्रकची जाळी आणि चौकोनी दिवे बसवले. ते ध्यान पाहून मला हसू आलं. युसूफ हसला नाही. गाडीसमोर उकिडवा बसून तो बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि आठवड्याभरात ट्रॅक्टरला बांधून तिला घरी घेऊन आला.

मग सुरू झालं ते सकाळचं ठोकणं. इंजिन चालू करून घेतलं; मागची बाजू, छप्पर, दरवाजे त्याने महिन्याभरात उरकले आणि सायीच्या रंगाने रंगवूनही टाकले. पुढच्या तोंडाला मात्र तो घाई करीना. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही म्हणून त्याने अॅल्युमिनियमचा पत्रा आणला, वाळूच्या पिशवीवर ठेवून त्याला थोडाथोडा गोल केला, दोन दिव्यांसाठी दोन खोल वाट्या उठवल्या, आणि प्रत्येक वाटीवर भिवईसारखी एक लहानशी टोपी काढली. काचेच्या खालपासून बंपरपर्यंत सगळा पत्रा बारीक ठोक्यांनी भरून गेला. सकाळच्या तिरप्या उन्हात तो पत्रा भरतीच्या पाण्यासारखा लुकलुकायचा. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला तो खडबडीत दिसत होता.

त्याची बायको जुबेदा एकदा पाणी भरताना म्हणाली, "आता ह्याला गुळगुळीत कधी करणार तुमी?" युसूफ हातातली मोगरी ठेवून उठला, तिच्या कमरेवरच्या तांब्याच्या हंड्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "ह्याला कधी केलंस गुळगुळीत?" हंडा देवरूखच्या तांबटाकडचा, आमच्या आईच्या वेळचा. त्यावर ठोक्यांची जी ओळीने चमक असते तिला तांबट मठार म्हणतात. मठार नसलेला हंडा आमच्या आईने दुकानात हातातही धरला नसता. लहानपणी त्या तांबटाच्या पायरीवर युसूफ तासन्‌तास बसायचा. इतकं सगळं मला ठाऊक होतं. तरी मी ओटीवरून हसलो, आणि आमच्या चुलत्याकडून उचललेला त्याचा हजरजबाबीपणा म्हणून तो प्रसंग सोडून दिला. काम रेंगाळलंय, आता थट्टेवर नेतोय, असंच मला वाटलं.

दिव्यांच्या बाबतीत मात्र तो थट्टा करत नसे. गाडी मुळात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणाऱ्या मुलखातली. तिच्या मूळ काचा आत जपून ठेवलेल्या मिळाल्या, पण त्यांवरच्या रेघा उजेड उजव्या कडेला झुकवणाऱ्या. आपल्या रस्त्यावर तो उजेड थेट समोरच्याच्या तोंडावर जायचा. त्याने भंगारातून जुन्या जीपच्या दोन गोल काचा शोधून आणल्या. मग ऐन दिवेलागणीला गाडी आमच्या चिऱ्याच्या भिंतीसमोर उभी करून, भिंतीवर खडूने रेघा मारून, स्क्रू पाव पाव फेरा फिरवत तो उजेड खाली आणत राही. मी म्हटलं, अरे, हल्ली लोक पांढरेफटक दिवे लावतात, लांबपर्यंत दिसतं. तर म्हणाला, "समोरच्याच्या डोळ्यात गेला तो उजेड नव्हे भाईजान, उर्मटपणा." भिंतीवर दोन पिवळी वर्तुळं हळूहळू रेघेखाली उतरली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं ते परत कधी पाहिलं नाही. तो स्वतःही तसाच होता. कुणी समोर आलं की आपला उजेड खाली घेणारा.

मोहोर फुटायच्या सुमारास खोकला वाढला. पंचवीस वर्षं बंद गॅरेजात घासलेल्या रंगाची धूळ छातीत साठली होती, असं डॉक्टरांच्या बोलण्यातून आम्हाला कळलं. जुबेदा त्याला घेऊन कोल्हापूरला गेली, आणि तिथून तिचा फोन आला की फार दिवस नाहीत. डॉक्टर घरी न्या म्हणतात. मी अंगणात गेलो. सायीच्या रंगाची ती गाडी, आणि तिचं पुढचं तोंड तेवढं उघडंबोडकं, बिनरंगाचं, ठोक्याठोक्यांचं. एवढी वर्षं राबून आलेला माझा भाऊ, आणि त्याची एकुलती एक हौस अर्धी टाकून जाणार! मी त्याच दिवशी नाक्यावरच्या पेंटरला बोलावलं. पेंटर जुना माणूस. त्याने पत्र्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, हे ठोके ठेवायचे हायत की काढायचे?"

"ठेवायचे कसले?" मी म्हटलं. "अर्धवट राहिलंय बिचाऱ्याचं. अगदी गुळगुळीत करा."

त्याने विचारलं होतं, हे मला कधी विसरता येणार नाही. एक अनोळखी माणूस एका हाताच्या फिरवण्यात जे ओळखून गेला ते सख्ख्या भावाला चार महिन्यांत दिसलं नाही. माझ्या आवाजात चाळीस वर्षांची मास्तरकी होती, तिच्यापुढे त्याने मान तुकवली. त्याने पुट्टीसारखी लांबी खळग्यांत भरली, चार वेळा घासली, वर सायीचा रंग मारला. तोंड आरशासारखं झालं. मी त्याला चहा पाजला आणि स्वतःवर फार खूश झालो.

युसूफ आला तो आंबा घाटातून, दुपारी. गाडीतून उतरला, जुबेदाच्या खांद्यावर हात ठेवून दोन पावलं चालला, आणि थबकला. मी पोरासारखा पुढे धावलो, "बघ, पुरं करून टाकलं!" तो जवळ गेला. मान दुसरीकडे वळवली, डोळे अर्धवट मिटले आणि डाव्या दिव्यापासून उजव्या दिव्यापर्यंत तळवा फिरवला. मग परत, उलटा. मग तिसऱ्यांदा, उशाशी ठेवलेला चष्मा अंधारात चाचपावा तसा. उजव्या दिव्याच्या टोपीवर हात बराच वेळ थांबला. "छान झालंय हो, भाईजान," तो म्हणाला. "गुळगुळीत." आणि "मला आत घेऊन चला," म्हणाला.

त्याच आठवड्यात, त्याला जरा बरं वाटलं त्या दिवशी आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. मी ओळखीच्या ड्रायव्हरला बसवलं होतं. युसूफ मागे घडीच्या पलंगावर, खिडकीशी. समुद्र दिसत होता, जुबेदाने फळीवरच्या स्टोव्हवर चहा केला, सगळं त्याने जसं मनात मांडलं असेल तसंच. किनाऱ्याजवळ गाडी थांबली तर पर्यटकांचा घोळका जमला, मुलं पुढच्या दिव्यांपाशी उभी राहून फोटो काढू लागली. एक गृहस्थ पत्र्यावर थाप मारून कौतुकाने म्हणाले, "वा! अगदी कंपनीतून आल्यासारखी आहे! कुणाचा हात लागलाय असं वाटतच नाही." युसूफ खिडकीतून हसला आणि त्याने मान डोलावली. पंचवीस वर्षं हेच वाक्य त्याची मजुरी होती. मी त्याच्याकडे बघत होतो. हसणं ओसरल्यावर त्याची नजर हळूच स्वतःच्या तळव्याकडे गेली. काय केलं मी, ते मला त्या क्षणी, त्या वाळूत उभं असताना कळलं. ह्यो माझा म्हणून दाखवायला त्याने घडवलेला एकुलता एक पत्रा मी पुसून टाकला होता.

परतताना मी त्याच्या पायाशी बसलो होतो. विचारलं, "युसूफ, लांबी काढून टाकू का रे? उद्याच काढतो. मला कळलं नाही रे." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. "आता नको," तो म्हणाला. "खाली काय नसेल. वर आलेले ठोके आधी घासून काढतात, मग खळगे भरतात. मी पण तेच केलं असतं." मग म्हणाला, "तू मायेनं केलंस." त्याने रागावायला हवं होतं. मला अजून वाटतं, त्या दिवशी तो एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवा होता.

कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या तेव्हा तो गेला. गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला, मी बसलो. सख्ख्या भावाचा तो हक्क आहे आणि मला तो हवा होता. कोमट पाणी ओतता ओतता मी त्याचा डावा हात हातात घेतला. आयुष्यात प्रथमच नीट पाहिला असेन. अंगठ्याचं नख हातोडीने चपटं झालेलं, पहिलं बोट किंचित वाकडं, तळव्यावर घट्टे, घट्ट्यांवर जुन्या चिरांच्या पांढऱ्या रेघा, मनगटापाशी भाजल्याचा एक डाग. सबंध हात मठारलेला होता. त्याने केलेलं काम सांगणारी तेवढी एकच वस्तू या जगात शिल्लक होती, आणि ती मला धुऊन, पुसून, पांढऱ्या कापडात गुंडाळून तांबड्या मातीखाली ठेवायची होती. मौलवी म्हणाले, सर, पुढे चला. मी तो हात सोडायला फार वेळ लावला.

वर्ष होत आलं. गाडी आवारात आहे. जुबेदा दर शुक्रवारी ती धुते, मी तिला धुऊ देतो. कधीकधी मी समोर खुर्ची टाकून बसतो आणि त्या सायीच्या रंगाखालचा पत्रा आठवायचा प्रयत्न करतो. ठोके ओळीने होते की गोलाकार, भिवयांवर दाट होते की विरळ, दोन दिव्यांच्या मधे त्याने काही नक्षी धरली होती का. त्याचं खोकणं आठवतं, हसणं आठवतं, चहा फुंकून पिण्याची तऱ्हा आठवते. तो पत्रा आठवत नाही. चार महिने तो माझ्या डोळ्यांसमोर रोज सकाळी घडत होता. विसरलेलं एखाद्या दिवशी आठवतं तरी. जे पाहायचंच राहून गेलं ते आठवायला मी कुठे जाऊ?