बिनऔषधाची वांगी

रुचिताने बारीक बारीक खळग्यांची प्लेट तिसऱ्यांदा उजेडात धरली. साध्या वांग्याच्या पानांचा रस घातलेल्या सगळ्या खळग्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. त्या पाण्यासारख्या नितळ राहायला हव्या होत्या.

पनवेलच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं ती एकाच कामामागे हात धुऊन लागली होती. मातीत एक जिवाणू असतो, त्याचं प्रथिन पोटात गेलं की अळी मरते. ते प्रथिन स्वतःच तयार करणारी वांग्याची नवी जात निघाली होती; तिच्या पानात ते किती आहे हे मोजणारी प्रतिपिंडं तिने सशांच्या रक्तातून तयार केली होती. प्रथिन सापडलं की खळगी पिवळी होते, जितकं जास्त तितकी गडद. पण साधं पानही पिवळं दाखवत असेल, तर ही प्रतिपिंडं भलत्यालाच चिकटतात, म्हणजे दोन वर्षांवर पाणी. सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख सर निर्णय घेणार होते, काम पुढे न्यायचं की गुंडाळायचं. रुचिताला रडू येत होतं आणि रागही, तोही बिचाऱ्या सशांचा.

ती साधी पानं थळ गावच्या सोनूआत्याच्या परसातली होती. शनिवारी ती तडक तिथे पोचली. आत्या ओट्यावर वाल सोलत बसली होती.

"आत्या, खरं सांग. वांग्यांवर औषध मारलं होतंस?"

"एकदा सांगला ना गो, न्हाय म्हनून," आत्याचा आवाज चढला. "घरच्या वांग्याला औषध मारून तुम्हाला खायला घालीन का मी?"

रुचिता वरमली. आत्या एक वेळ उपाशी राहील, पण खोटं बोलणार नाही, हे उभ्या थळला ठाऊक होतं. विषय बदलावा म्हणून ती म्हणाली, "वांगी मात्र झकास आहेत. एकालाही कीड नाही."

"लागंल कशी? दर आठ दिसांनी जिवानूंचा पानी फवारते ना."

"कसलं पाणी?"

आत्याने फळीवरची पुडी काढून दिली. "किरषी खात्यातला चंदर देऊन गेला. मीच त्याला इचारला, औषध हाय का? तो बोलला, न्हाय मावशी, जिवानू हायत, मानसाला बाधत न्हाय. मंग औषध कसा बोलू त्याला?"

पुडीवर त्याच जिवाणूचं नाव छापलं होतं. रुचिता मटकन ओट्यावर बसली आणि हसत सुटली.

पण नुसत्या हसण्यावर सर थोडेच मानणार होते? ती शेजारच्या जनीकडे गेली आणि या वेळी तिने नीट विचारलं, "झाडांवर काहीही घातलंस का, अगदी ताकसुद्धा?"

"चुलीतली राख टाकते," जनी म्हणाली. राख चालण्यासारखी होती; रुचिताने दोघींकडची पानं खुडून घेतली.

रविवारी दुपारी जनीच्या पानांच्या खळग्या नितळ राहिल्या. आत्याची पानं ज्या पाण्यात नुसती धुतली, ते मात्र पिवळं झालं; प्रथिन पानांत नव्हतं, पानांवर होतं. रुचिताने सरांच्या आधी आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे तुझं ससं माझ्यापरीस हुशार," आत्या म्हणाली. "औषध का जिवानू, त्यांना कुनी सांगाय लागला न्हाय. तुझा काम वाचला ना पन?"

"वाचलं गं आत्या," रुचिता म्हणाली, आणि मग तिने सरांना फोन लावला.