दुसरा घास

अदिती पाच गोष्टी खायची. कोलम तांदळाचा पांढरा भात, मोकळा आणि पूर्ण गार झालेला. तांदळाची भाकरी, कडा काढून. डाग नसलेलं केळं. काल्हेर नाक्यावरच्या एकाच दुकानातले खारे वेफर्स, त्यातले मोडके बाजूला काढून. आणि दूध, तेही एका ठरावीक कपात. सहाव्या गोष्टीसाठी तिच्या आईने, माधवीने, अडीच वर्षं घालवली होती. सहावी गोष्ट आली नव्हती.

मुलगी सात वर्षांची. घरात मिक्सर लागला की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायची, आणि माधवीच्या माहेरी, भिवंडीत, शेजारच्या कारखान्यातले लूम दिवसभर खडखडत असताना भिंतीला पाठ लावून गाढ झोपायची. याला नाव काय, ते ठाण्याच्या थेरपिस्टबाईंनी सांगितलं होतं. त्याहून महत्त्वाचं त्यांनी सांगितलं होतं ते वेगळंच. "हट्ट नाहीये हा. तिच्या जिभेला आपल्यापेक्षा दसपट कळतं. ती पदार्थ खात नाही, भरवसा खाते. कधीही काही लपवून घालू नका. पकडलं गेलं तर तो पदार्थ कायमचा जातो."

माधवीने हे सासरी सांगून पाहिलं होतं. सासरे केसरीनाथ राहनाळचे जुने जमीनदार. शेतं होती तिथे आता गोदामं होती, पण जेवणाबद्दलचे विचार शेताच्या वेळचेच होते. ते म्हणाले होते, "आमच्या टायमाला कोन इचारत व्हता, ह्ये खातंस का त्ये खातंस? भूक लागली का दगड पन ग्वाड लागतो."

मोठे दीर हितेश आणि जाऊ रुचिका राहनाळला सासऱ्यांजवळच राहत. माधवी आणि मिहिर काल्हेरला फ्लॅटमध्ये. माधवी मानकोलीच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत बिलिंगला होती, मिहिर भावाबरोबर गोदामांचं काम बघायचा. म्हणजे खरं तर भाऊ सांगेल ते बघायचा.

रुचिकाच्या भाविकला दहा वर्षं पूर्ण होणार होती. हितेशने हायवेवरच्या नव्या थीम पार्कची तिकिटं सगळ्यांसाठी काढली आणि मग कळवलं.

माधवीने त्याच दिवशी पार्कला फोन लावला. बाहेरचं खाणं चालत नाही, हे तिला वेबसाइटवर दिसलं होतं. फोनवरच्या मुलीचा आवाज गोड होता. "हो मॅडम, स्पेशल चाइल्ड असेल तर अलाउड आहे. फक्त डॉक्टरांचं पत्र आणा." माधवीने अर्धा दिवस रजा टाकली, ठाण्याला जाऊन पत्र आणलं, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातलं. वाढदिवसाच्या दिवशी पहाटे उठून भात केला, ताटात पसरून गार केला, स्टीलच्या डब्यात भरला. दुसऱ्या डब्यात भाकरी, पिशवीत दोन केळी.

गेटवर बॅगा तपासणाऱ्या बाईने डबे टेबलावर काढून ठेवले.

"बाहर का खाना अलाउड नहीं है."

"पत्र आहे," माधवी म्हणाली. "फोनवर विचारलंय मी. तुमच्याच माणसांनी सांगितलं."

बाईने सुपरवायझरला बोलावलं. तो तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने पत्र उभ्याउभ्या वाचलं, मग अदितीकडे पाहिलं. ती मिहिरच्या मागे उभी राहून त्याच्या शर्टाचं टोक बोटांवर गुंडाळत होती. चालत होती, बोलत होती, गोरीगोमटी होती. सुपरवायझरच्या चेहऱ्यावर जे आलं ते माधवीच्या ओळखीचं होतं. यात काय झालंय हिला?

"मॅडम, बेबी फूड अलाउड आहे. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना."

"ही सात वर्षांची आहे. पत्रात लिहिलंय सगळं."

"आत अकरा फूड काउंटर आहेत, मॅडम. मुलांचा स्पेशल मेन्यू आहे. काहीतरी खाईलच ना."

काहीतरी खाईलच ना. हे वाक्य माधवीने शाळेत, लग्नांत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऐकलं होतं. तिने मिहिरकडे पाहिलं. मिहिर आत पाहत होता, जिथे त्याचे वडील, भाऊ आणि भाविक दारापलीकडे खोळंबले होते.

"मी हिला घेऊन घरी जाते," ती म्हणाली. "तुम्ही फिरा सगळे."

"काय झाला?" केसरीनाथांनी पलीकडून विचारलं. मिहिरने सांगितलं. त्यांनी हात उडवला. "डब्यापायी घरी जाती? पोराचा वाढदिवस हाय. ठेव थितंच नि चल आत."

"चल ना," मिहिर हळूच म्हणाला. "बघू आत काहीतरी. नाहीतर मी हिला घेऊन येईन बाहेर, गाडीत डबा देईन."

ते बोलून तो मोकळा झाला. आत गेल्यावर कळलं की एकदा बाहेर पडलं की तिकीट संपलं.

डबे रॅकवर गेले. माधवीच्या हातात चौपन्न नंबरचं टोकन आलं.

अकरापर्यंत ठीक गेलं. अदितीला संथ फिरणारी छोटी ट्रेन आवडली. ती चार वेळा बसली, चारही वेळा त्याच डब्यात. माधवीला क्षणभर वाटलं की आजचा दिवस निभेल. मग अदिती म्हणाली, "आई, भात."

माधवी तिला घेऊन फूड कोर्टात गेली. पत्र्याचं उंच छप्पर, त्याखाली प्रत्येक काउंटरचं वेगळं गाणं, तळणाचा वास. अदितीने दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि चालत राहिली. ते पाहून माधवीला भडभडून आलं. पोर प्रयत्न करत होती.

पहिल्या काउंटरवर पुलाव, त्यात वाटाणे. दुसरीकडे जिरा राइस. "बिना जिरे का?" "बना हुआ है मॅडम." मुलांचा स्पेशल मेन्यू म्हणजे चीज घातलेला पास्ता आणि लाल सॉस. फ्रेंच फ्राइज साध्या द्यायला सांगितल्या, तर त्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला चिकटलेला. अदितीने एक उचलली, उलटी केली, लाल ठिपका पाहिला आणि खाली ठेवली. फळं विचारली तर पपई आणि कलिंगडाच्या फोडी, वर चाट मसाला. अख्खं केळं? काउंटरवरचा मुलगा हसला. दूध होतं, गुलाबी आणि चॉकलेटी.

अकरा काउंटर झाले. दीड वाजला. अदिती आता काही मागत नव्हती. भूक एका हद्दीपलीकडे गेली की ती गप्प होते, ओठ पांढरे पडतात, हे माधवीला माहीत होतं. ती पुन्हा गेटवर गेली. सुपरवायझर जेवायला गेला होता. टेबलावरची बाई म्हणाली, "सर येतील तेव्हा विचारा." बाहेर पडावं तर केक अजून कापायचा होता, आणि परत आत येता आलं नसतं.

फूड कोर्टाच्या मागे भांडी घासायची जागा होती. तिथे एक बाई पायरीवर बसून जेवत होती. माधवीच्या नजरेला तिच्या ताटातला भात पडला. पांढरा.

"मावशी, हा भात कुठे मिळेल?"

"ह्यो? ह्यो आमचा, कामवाल्यांचा हाय." तिने अदितीकडे पाहिलं, तिच्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. उठली, आत गेली, कागदी डिशमध्ये भात घेऊन आली. "आमटी न्हाय लावली हां. डावपन धुऊन घेतला."

तिचं नाव चंद्रा. त्या अख्ख्या दिवसात डाव धुऊन घेणारं माणूस तेवढं एकच भेटलं.

भात जाड होता, थोडा ओलसर. अदितीने कोपऱ्यातल्या बाकावर बसून डिश नाकाशी नेली. बोटाने एक शीत वेगळं केलं, दाबलं, जिभेवर ठेवलं. अदितीने दुसरं शीत उचललं. मग तिसरं. असंच चाललं असतं तर तासाभरात अर्धी डिश गेली असती. माधवीला घाई नव्हती. तिला तासभर हवा होता, बस.

पाच मिनिटांत सगळे आले.

"इथं बसलाय का तुम्ही!" रुचिका म्हणाली. "केक कापायचाय. भाविक थांबलाय."

"ताई, ती खातेय. थोडा वेळ."

"शीत शीत? माधवी, संध्याकाळ होईल अशानं." रुचिकाच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. "आण इकडे, मी सांगते. भाविकला मी असंच घालायचे. दही घे, खाली कालव, वर कोरडा भात ठेव. पांढऱ्यात पांढरं. कळत पण नाही."

"तिला कळतं."

"पोर सकालपासून उपाशी हाय," केसरीनाथ बाकासमोर उभे राहून म्हणाले. आवाज चढला होता. आजूबाजूचे बघू लागले. "कसली आय तू? कागदं घेऊन फिरते नि पोरीला घास भरवता येत न्हाय."

माधवीने मिहिरकडे पाहिलं. मिहिर म्हणाला, "एकदा करून बघ ना. एकच घास."

पुढे कितीतरी दिवस माधवीने स्वतःला विचारलं की त्या क्षणी नेमकं काय झालं. पहाटेपासूनची दमणूक होती. अदितीचे पांढरे ओठ होते. पण तेवढंच नव्हतं. अडीच वर्षं ती या माणसांना समजावत होती आणि अडीच वर्षं ती त्यांच्या लेखी लाडावून ठेवणारी, पुस्तकी, कमी पडणारी आई होती. तिला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यासारखी आई व्हायचं होतं.

रुचिकाने दही आणलं. माधवीने अदितीकडे पाठ करून ते भातात कालवलं, वर कोरडा भात पसरला, चमचा भरला.

"अदू, ती बघ ट्रेन आली."

अदितीने ट्रेनकडे पाहिलं आणि आईसाठी तोंड उघडलं.

ती चावायची थांबली. डोळे आधी ट्रेनवर होते, ते हळूहळू आईकडे वळले. ओरडली नाही, थुंकली नाही. गिळलं.

"खाल्लान!" केसरीनाथ म्हणाले. हितेशने टाळ्या वाजवल्या, भाविकनेही. रुचिकाने माधवीच्या पाठीवर हात ठेवला. "बघ! उगाच घाबरत होतीस." हितेशने मोबाइल काढला. "अजून एक, अजून एक. व्हिडिओ काढतो."

तिथे थांबता आलं असतं. माधवीने दुसरा चमचा भरला. पाठीवर तो हात होता, आणि तो तिला आवडत होता.

अदितीने पुन्हा तोंड उघडलं. या वेळी ट्रेन दाखवावी लागली नाही. ती सरळ आईकडे बघत होती.

मग केक कापला. मग अदितीला छोट्या ट्रेनमध्ये बसवलं, ती बसली. कोणी बोललं तर मान हलवायची. "शानी झाली एका दिवसात," केसरीनाथ म्हणाले.

संध्याकाळी गेटवर टोकन देऊन माधवीने डबे परत घेतले. गाडीत बसल्याबसल्या तिने भाताचा डबा उघडला, वास घेतला. चांगला होता, सकाळी भरला तसाच, मोकळा आणि गार.

"अदू, हा घे. आपला भात."

अदितीने डब्यात पाहिलं. मग एका बोटाने डबा दूर सारला.

"आपलाच आहे गं. आईने केलाय."

अदिती खिडकीकडे वळली. मानकोलीचा पूल येईपर्यंत ती बाहेरच बघत होती. पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं होतं. समोरच्या कंटेनरचे लाल दिवे आत आले आणि त्या उजेडात माधवीला तिचा डावा गाल दिसला. फुगलेला.

"तोंड उघड. अदू, तोंड उघड बघू."

अदितीने हाताचा द्रोण केला आणि त्यात भात सोडला. दही फाटून आंबूस झालेला, लाळेत भिजलेला, दुसरा घास. दुपारपासून तिने तो गालात धरला होता. गिळता येत नव्हता आणि आईने दिलेला टाकता येत नव्हता. तो धरूनच ती ट्रेनमध्ये गोल फिरली होती.

माधवीने तो ओंजळीत घेतला. मिहिरने आरशात पाहिलं आणि विचारलं, "काय गं?" तिला ओरडायचं होतं, पण ज्याच्यावर ओरडावं असं गाडीतलं माणूस ती स्वतःच होती.

भात गेला. ठाण्याच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. "बघू," त्या म्हणाल्या. "कधी कधी वर्षाने परत येतो. कधी नाही येत." दोन आठवड्यांत भाकरीही गेली, कारण तीही तांदळाचीच. वजन दीड किलोने उतरलं.

मिहिरने वडिलांना सांगितलं की ती आता भात खात नाही. केसरीनाथ म्हणाले, "त्या दिशी माझ्या डोल्यांदेखत खाल्लान." हितेशने काढलेला व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर होताच. त्यात सगळे टाळ्या वाजवताना दिसतात आणि माधवी हसताना दिसते. खाली वीसेक जणांनी हात जोडलेत, कोणी लिहिलंय, आईने मनावर घेतलं की सगळं होतं. माधवीने तो पुसायला सांगितला तर रुचिका दुखावली. "एवढं चांगलं झालं त्या दिवशी, तुला त्यातही खोट काढायचीच असते."

माधवीने अदितीची माफी मागितली. एकदा नाही, पुष्कळदा. समोर बसून, सोप्या शब्दांत. मी दही घातलं, तुला न सांगता घातलं, माझं चुकलं, पुन्हा करणार नाही. अदिती ऐकून घ्यायची आणि विचारायची, "यात काय आहे?" हातात पाण्याचा पेला असायचा.

"पाणी आहे, अदू."

अदिती पेला उजेडाकडे धरून बघायची आणि खाली ठेवायची.

आता उरलं ते वेफर्स, दूध आणि केळं. तेही मिहिरच्या हातून. गेटवर जो वडिलांकडे बघत राहिला, बाकाजवळ जो एकच घास म्हणाला, त्याच्या हातून. त्याने स्वतः काही कालवलं नव्हतं, एवढं अदितीने पाहिलं होतं आणि तेवढंच धरलं होतं. आई स्वयंपाकघरात असली तर ती केळ्याला हात लावत नाही. म्हणून रोज सकाळी मिहिर केळं सोलतो आणि माधवी गॅलरीत जाऊन दार ओढून घेते. खाली गोदामांकडे जाणारे ट्रक वाजत असतात. दहा-पंधरा मिनिटांनी मिहिर आतून सांगतो, "अर्धं खाल्लं." मग ती आत येते.