शंकरकाकांचं करेक्शन

आधीच सांगते, चूक माझी आहे. पण समीर सरांनी मला दोन मिनिटं शांतपणे विचार करू दिला असता तर ती झाली नसती.

आमची कंपनी अंडी उबवायची मशीनं बनवते. गेल्या वर्षी सरांनी नवा सेन्सर आणि नवी चिप आणली. दशांशाचं गणित ती स्वतःच करते. जुन्या चिपसाठी ते सॉफ्टवेअरला रडतखडत करावं लागायचं. सेन्सरने चुकीचं मोजलेलं तापमान दुरुस्त करायचा फॉर्म्युला मात्र जुनाच, शंकरकाकांचा. काका महूचे, वय एकाहत्तर, रिटायर होऊनही दर सोमवारी बसने येतात. त्यांचा मूळ कोड हार्ड डिस्कबरोबर गेला, उरली ती जुन्या चिपसाठी बनवलेली फाइल. मी ती नव्या कोडला जोडायला गेले तर कॉम्प्युटरने साफ नकार दिला. म्हणे, या दोघांचं एकत्र जमणार नाही.

"अरे यार संबोधी, कोई ऑप्शन होगा! गप्प कर त्याला," सर म्हणाले.

ऑप्शन होता. केलं गप्प. एरर गेली, मशीन चाललं आणि झकास चाललं. शंभर अंड्यांतून ब्याऐंशी पिल्लं यायची, ती एक्क्याण्णव यायला लागली. सर जो भेटेल त्याला सांगत सुटले, "काका का फॉर्म्युला है, भिया!" काका लाजायचे, पण त्या दिवशी चहा दोन कप घ्यायचे.

या महिन्यात काकांचा करार संपत होता. सर म्हणाले, "फॉर्म्युल्यामुळे काय फायदा झाला त्याचा रिपोर्ट लिही. त्यावरच एक्स्टेंड करतो." मी खुशीत लिहायला बसले. फॉर्म्युल्याच्या आधीचं आणि नंतरचं तापमान शेजारी-शेजारी मांडलं, तर दोन्ही आकडे एकच.

काकांचा फॉर्म्युला वर्षभर काहीच करत नव्हता! नवा कोड तापमान चिपच्या नव्या, दशांशांसाठीच्या कप्प्यात ठेवायचा. फॉर्म्युला सवयीने जुन्या कप्प्यात बघायचा, तिथे जो कचरा पडला असेल त्यावर इमानदारीत गणित करायचा आणि उत्तर त्याच जुन्या कप्प्यात ठेवायचा. नवा कोड परत आपल्या कप्प्यात बघायचा, तर तिथे आपलंच तापमान, जसंच्या तसं. आणि नवा सेन्सर मुळातच अचूक. फॉर्म्युला खरोखर चालला असता तर तापमान दीड अंशाने चुकलं असतं आणि पिल्लं मेली असती.

तीन दिवस रिपोर्टला हात लावला नाही. खोटं लिहवेना, आणि खरं लिहिलं तर काका घरी. सोमवारी शेवटी त्यांनाच सगळं सांगून टाकलं.

काकांनी चष्मा पुसला. "म्हणजे मी एका खिडकीवर उभा, आणि काम दुसऱ्याच खिडकीवर चाललंय?"

"काका, मी काहीतरी गोलमोल लिहिते ना. कोणाला कळतंय?"

"चूप!" काका पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "उद्या कोणी शहाणा ही जोडणी नीट करेल, तेव्हा पिल्लं मरतील. त्याचं काय? काढून टाक तो फॉर्म्युला."

माझा हात धजेना. मग त्यांनीच कीबोर्ड ओढला, फॉर्म्युल्याला बोलावणारी ओळ शोधली आणि पुसली.

"आता चालव."

मशीन सुरू झालं. काका स्क्रीनवरच्या तापमानाकडे बराच वेळ बघत राहिले. आकडा पूर्वी होता तोच होता.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "निदान थोडा तरी हलेल."