नववी ओवी

नववी ओवी संपली, पण धुरपदाबाईंच्या पायांना पाणी लागलं नाही.

त्या थबकल्या. डोक्यावरच्या पाटावर नथ घातलेला नारळ होता, त्यांची कानबाई देवी. मागे पाच-सहा बाया, त्यांच्यामागे मुलाचा, पंकजचा टेम्पो. समोर सिमेंटचा सपाट चौक, मोटरसायकली, कचोरीची गाडी.

"एखादी ओवी सुटली का वं माझी?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही, आत्याबाई. नऊ झाल्या," सुमन म्हणाली, पण तिलाही खात्री नव्हती.

श्रावणात कानबाईला खापरी नदीवर न्यायचं. ओव्या सासूनं चालता चालता शिकवल्या होत्या. पहिली दारातल्या लिंबाशी, चौथी रंगाऱ्यांच्या गल्लीत आणि नववी संपता संपता पाय पाण्यात.

राण्यांच्या पालख्या, तापीच्या तीरी
खापरीच्या पाण्यात, लुगडी आमची कोरी

रंगारी लुगडी धुवायचे. खापरी कधी लाल, कधी हिरवी वाहायची. बाजारात कोणता रंग येणार, ते बायांना आधी पाण्यावर कळायचं.

मग कंबरेचं हाड मोडलं आणि धुरपदाबाई तीन वर्षं नेपानगरला लेकीकडे पडून होत्या. नदी झाकली, असं पंकजनं फोनवर सांगितलं, तेव्हा त्या हसल्या होत्या. "नदी काय दुधाचं पातेलं आहे, झाकायला?"

पंकज खाली उतरला. "आई, बस टेम्पोत. तापीवर जाऊ. मैंने बोला था ना, तू आता विसरतेस. पुढच्या वर्षी मोबाइलवर गाणं लावू."

"नदी कुठे होती, ते सांग आधी."

पंकजनं मंदिराकडे बोट दाखवलं, मग अर्धवट खाली आणलं. सुमन म्हणाली, "नाही हो, शाळेकडून वाहायची." कचोरीवाला म्हणाला, "आजी, वो तो बैंक के पीछे थी."

धुरपदाबाईंनी वळून वळून पाहिलं. काठ, घाट सगळं सिमेंटखाली गेलं होतं; तिघं तीन दिशांना बोट दाखवत होते. नदी होती तरी का? की ती नुसती गाण्यातच होती?

त्या मागे फिरल्या. पार लिंबापर्यंत. "आत्याबाई, कंबर," सुमन म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा पहिली ओवी, तीच चाल, तेवढाच श्वास. रंगाऱ्यांच्या गल्लीत आता मोबाइलची दुकानं. चौथी ओवी तिथंच आली. नववी संपली, तेव्हा त्या कचोरीच्या गाडीसमोर उभ्या होत्या.

"भाऊ, गाडी सरकव."

"आजी, तेल तापलंय."

"हळू सरकव."

गाडीखाली लोखंडी जाळी निघाली. आतून बारीक आवाज येत होता. बाया पुढे वाकल्या. सुमननं तांब्याला दोर बांधून जाळीच्या मोडक्या कोपऱ्यातून खाली सोडला. तांब्या वर आला, तो काळ्या पाण्यानं भरलेला. तळाशी चिमूटभर वाळू.

"या पाण्यानं न्हाऊ घालायची देवीला?" पंकज हळूच म्हणाला.

धुरपदाबाईंनी पाणी हुंगलं. त्यांना ते ओळखीचं वाटेना. खूप वेळ त्या तांब्यात बघत राहिल्या. मग त्यांनी पाट खाली उतरवला, नारळावर चार थेंब शिंपडले आणि वाळू पाटावर घेतली. ती घरात चारी कोपऱ्यांत टाकायची असते.

"हीच का वं ती?" त्यांनी सुमनला विचारलं.

पंकजनं टेम्पोची चावी खिशात टाकली, भर चौकात चपला काढून हातात घेतल्या, आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आईच्या शेजारी येऊन उभा राहिला.